लाइन गेली-आली की टीव्हीवर 'नो सिग्नल' : वाचनकक्षाचा टीव्ही आणि रास्पबेरी पाय ४

वाचनकक्षवाला | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार. नागपूरच्या प्रतापनगर भागातील आमच्या वसाहतीत ज्येष्ठांसाठी एक छोटा वाचनकक्ष आहे. त्याची किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे तेथील टीव्हीचा त्रासही ओघानेच माझ्याकडे आला आहे. भिंतीवर ४३ इंची टीव्ही असून त्याला रास्पबेरी पाय ४ (पुढे नुसता 'पाय') हा तळहाताएवढा छोटा संगणक जोडलेला आहे. सकाळी सहाला योगासनांचे व्हिडिओ, त्यानंतर दिवसभर सूचना आणि सहलींची छायाचित्रे, एवढेच काम त्याच्याकडे आहे. डेस्कटॉप सुरू होत नाही. यंत्र चालू झाले की प्लेअर थेट पडद्यावर चालू होतो, अशी व्यवस्था माझ्या भाच्याने करून दिली होती आणि तो आता परदेशी आहे.

आधी येथे पाय ३ होता आणि तो तीन वर्षे बिनतक्रार चालला. गेल्या पावसाळ्यात वीज कडाडली त्या रात्री तो बंद पडला. मग पाय ४ घेतला, नव्या मेमरी कार्डावर बुकवर्म ही संगणकप्रणाली टाकली आणि जुन्या कार्डावरील 'कॉन्फिग डॉट टीएक्सटी' या फाइलमधल्या एचडीएमआयच्या चार ओळी जशाच्या तशा नव्या फाइलमध्ये उतरवल्या : 'एचडीएमआय_फोर्स_हॉटप्लग=१', 'एचडीएमआय_ग्रुप=१', 'एचडीएमआय_मोड=१६' आणि 'कॉन्फिग_एचडीएमआय_बूस्ट=७'. (आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, फाइलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत आहेत.)

तेव्हापासून टीव्हीवर वारंवार 'नो सिग्नल' दिसते. लाइन (वीज) जाऊन आली की हमखास दिसते आणि कधीकधी काही कारण नसतानाही दिसते. पाय बंद करून पुन्हा चालू केला की बहुतेक वेळा चित्र येते. केबल बदलून पाहिली, टीव्हीचे दुसरे एचडीएमआय तोंड वापरून पाहिले, फरक पडला नाही. घरच्या संगणकाच्या मॉनिटरवर मात्र हाच पाय तासन्‌तास नीट चालतो. "टीव्हीचा पाय बिघडला" असे मी सूचनाफलकावर लिहिले, तर दोन सभासद टीव्हीचा स्टँड तपासून गेले.

जुना मेकॅनिक | रविवार, रात्री १०:०२

तुमच्या वर्णनात 'नो सिग्नल' हा एकच शब्द आहे, पण त्याखाली दोन वेगळे आजार असावेत असा मला संशय येतो. त्यामुळे कोणतीही वस्तू विकत आणण्यापूर्वी पुढील गोष्टी कृपया सांगा. लाइन आल्यानंतर टीव्ही आपोआप चालू होतो, की रिमोटने चालू करावा लागतो? 'कारण नसताना' चित्र जाते तेव्हा ते स्वतःहून परत येते का, आणि येत असल्यास किती वेळाने? पायवरचा हिरवा दिवा त्या वेळी काय करतो? केबल किती लांबीची आहे आणि ती कोठून नेली आहे?

हिरव्या दिव्याचे महत्त्व अशासाठी की तो ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल तर दोष चित्राचा नसून यंत्र सुरू होण्याचाच असतो. चार वेळा लुकलुकला तर सुरुवातीची 'स्टार्ट' फाइल सापडलेली नाही आणि सात वेळा लुकलुकला तर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सापडलेला नाही. अशा वेळी केबल बदलण्यात जो वेळ जातो तो फुकट जातो.

वाचनकक्षवाला | सोमवार, सकाळी ७:३५

उत्तरे क्रमाने देतो. टीव्ही रिमोटनेच चालू करावा लागतो. लाइन आली तरी तो झोपलेलाच राहतो, पाय मात्र लगेच चालू होतो. हिरवा दिवा अनियमित लुकलुकतो, ठरावीक मोजणी दिसत नाही. केबल पाच मीटरची आहे. इंटरनेटचा राउटर खिडकीजवळच्या कपाटात असल्याने पायही तेथेच ठेवला आहे आणि केबल खिडकीखालून, कूलरच्या मागून, भिंतीच्या कडेने टीव्हीपर्यंत गेली आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, पण आमच्या एका नियमित वाचकांकडे निघाले. दुपारी चित्र जाते तेव्हा ते दोन-तीन सेकंदांनी आपोआप परत येते, हे त्यांनी पाहून ठेवले आहे. लाइन गेल्यानंतरचे 'नो सिग्नल' मात्र पाय पुन्हा चालू केल्याशिवाय जात नाही. म्हणजे आजार दोन आहेत, हे तुमचे म्हणणे मला पटले.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी १:२०

मी मिहानमध्ये रात्रपाळी करतो, म्हणून उत्तर या वेळी. पहिल्या आजाराविषयी लिहितो.

एचडीएमआयच्या नेहमीच्या मोठ्या प्लगमध्ये १९ पिना असतात. त्यातील १८ क्रमांकाच्या पिनेवरून पाय टीव्हीला ५ व्होल्ट देतो आणि टीव्ही १९ क्रमांकाच्या पिनेवरून "मी येथे आहे" असे उलट कळवतो. या खुणेला हॉटप्लग म्हणतात. ती खूण मिळाली की १५ आणि १६ या पिनांवरून पाय टीव्हीचे ओळखपत्र वाचतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. टीव्ही कोणते आकार, कोणते वेग आणि कोणता आवाज स्वीकारतो हे सर्व त्यात लिहिलेले असते. अडचण अशी की झोपलेल्या अवस्थेत काही टीव्ही हॉटप्लगची खूण देत राहतात आणि काही देत नाहीत. तुमचा टीव्ही दुसऱ्या प्रकारचा दिसतो. मॉनिटर बहुधा पहिल्या प्रकारचा असेल, म्हणून घरी तक्रार येत नाही.

लाइन आली की पाय एकटाच जागा होतो, पडदा शोधतो, त्याला काहीच सापडत नाही. तुमचा प्लेअर डेस्कटॉपशिवाय थेट चालतो, म्हणजे सुरू होतानाच जोडलेला पडदा न मिळाल्यास तो काम सोडून बाहेर पडतो. नंतर तुम्ही रिमोटने टीव्ही उठवता तेव्हा चित्र पाठवणारा कोणी उरलेलाच नसतो. टीव्ही 'नो सिग्नल' म्हणतो ते अगदी खरे असते.

पाय ३ वर हे होत नव्हते, कारण 'फोर्स_हॉटप्लग' ही ओळ "खूण मिळो न मिळो, चित्र पाठव" असे सांगत होती. आता ती का चालत नाही, हे पाहण्यासाठी दोन गोष्टी करा. टीव्ही बंद असताना '/सिस/क्लास/डीआरएम' या फोल्डरमध्ये 'कार्ड१-एचडीएमआय-ए-१' नावाचे उपफोल्डर आहे (काही वेळा ते 'कार्ड०' असते), त्यातील 'स्टेटस' ही फाइल वाचा. टीव्ही चालू करून तीच पुन्हा वाचा. आणि तुम्ही त्या चार ओळी नेमक्या कोणत्या फाइलमध्ये लिहिल्या, तिचा पूर्ण पत्ता सांगा.

वाचनकक्षवाला | सोमवार, सायंकाळी ६:४८

टीव्ही बंद असताना 'डिस्कनेक्टेड', चालू केल्यावर 'कनेक्टेड'. आपले निदान तंतोतंत बरोबर आहे.

फाइलचा पत्ता '/बूट/कॉन्फिग डॉट टीएक्सटी'. आपण विचारल्यावर ती पुन्हा उघडून नीट वाचली. मी लिहिलेल्या ओळींच्या वर इंग्रजीत स्पष्ट लिहिले आहे की ही फाइल बदलू नका, ती आता '/बूट/फर्मवेअर' मध्ये गेली आहे. नवी फाइल इतकी छोटी कशी, याचे मला त्या दिवशी कौतुक वाटले होते. ३४ वर्षे नोकरीत दुसऱ्यांना "अर्ज भरण्यापूर्वी सूचना वाचा" असे सांगत आलो, म्हणून विशेष लाज वाटली.

आज त्या चार ओळी योग्य फाइलमध्ये लिहिल्या. पाय पुन्हा चालू केला. टीव्ही बंद ठेवून प्रयोग केला. 'स्टेटस' अजूनही 'डिस्कनेक्टेड'.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ३:१५

बुकवर्म आल्यापासून, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरपासून, त्या फाइलचे स्थान बदलले आहे आणि पाय दुरून, टर्मिनलमधून वापरणारे पुष्कळ जण याच ठिकाणी अडखळतात. कार्ड काढून संगणकात घातले असते तर तुम्हाला खरी फाइलच दिसली असती.

योग्य जागी लिहूनही उपयोग झाला नाही, याचे कारण वेगळे आहे. पूर्वी चित्राचा सर्व कारभार पायच्या फर्मवेअरकडे (यंत्राच्या अंगच्या मूळ प्रोग्रामकडे) होता आणि 'एचडीएमआय_' ने सुरू होणाऱ्या ओळी त्याच्यासाठीच होत्या. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या बुल्सआयपासून, म्हणजे बुकवर्मच्या आधीच्या आवृत्तीपासून, हा कारभार लिनक्स कर्नलमधल्या केएमएस या चित्र सांभाळणाऱ्या ड्रायव्हरकडे गेला. तुमच्या फाइलमध्ये 'डीटीओव्हरले=व्हीसी४-केएमएस-व्ही३डी' अशी ओळ असेल; ती असली की जुन्या ओळींपैकी बहुतेक ओळींना कोणी विचारत नाही. त्या चुकीच्या आहेत असा संदेशही येत नाही, हे जास्त त्रासाचे. जालावर आजही दहापैकी नऊ ठिकाणी त्याच ओळींचा सल्ला दिलेला सापडतो आणि तो सल्ला त्याच्या काळात बरोबरच होता. बूस्टची ओळ तर पाय ४ साठी मुळातच नाही.

आता त्या चारही ओळी काढून टाका. त्याच फोल्डरमधील 'सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी' उघडा आणि तिच्या शेवटी एक जागा सोडून हे जोडा : 'व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०x१०८०@६०डी'. इंग्रजीत 'एचडीएमआय' आणि 'ए' मोठ्या अक्षरांत हवे, शेवटचे 'डी' सुद्धा मोठे हवे. पडदा जोडलेला आहे असे धरून चाल, हा त्या 'डी'चा अर्थ. ही संपूर्ण फाइल एकाच ओळीची असावी लागते. मध्ये एंटर दाबले तर पुढचे काहीही वाचले जात नाही.

काळी माती | मंगळवार, सकाळी ८:०५

मध्येच एक छोटी शंका. पाय ४ ला दोन मायक्रो एचडीएमआय तोंडे आहेत. वरील ओळ पहिल्या तोंडासाठी आहे आणि पहिले म्हणजे वीजपुरवठ्याच्या यूएसबी-सी तोंडाला लागून असलेले. आपली केबल त्यातच आहे ना? शिवाय डबीत बसवलेल्या पायमध्ये प्लगची जाड रबरी मान डबीच्या कडेला अडते आणि प्लग अर्धा मिलिमीटर बाहेर राहतो. बाहेरून तो बसलेला वाटतो. माझ्याकडे चाकूने डबीची कड तासल्यावर प्रश्न मिटला होता.

वाचनकक्षवाला | मंगळवार, सायंकाळी ७:३०

तोंड पहिलेच आहे आणि प्लग पूर्ण बसला आहे. आपल्या सूचनेनुसार भिंग लावून पाहिले.

पहिल्या प्रयत्नात मी एंटर दाबलेच होते. सवय. ते दुरुस्त केल्यावर टीव्ही बंद ठेवून पायची लाइन काढली, पुन्हा दिली, दहा मिनिटे थांबलो आणि मग रिमोटने टीव्ही चालू केला. चित्र समोर हजर. हा प्रयोग पाच वेळा केला, पाचही वेळा चित्र आले.

पण आवाज गेला. योगासनांच्या बाई हात वर करतात, ओठ हलतात, ऐकू काहीच येत नाही. टीव्ही आधी चालू करून नंतर पाय चालू केल्यास आवाज येतो. उलट क्रमाने केल्यास येत नाही.

रात्रपाळी | बुधवार, पहाटे २:५०

हे मी आधीच सांगायला हवे होते, माझी चूक. 'डी'मुळे पाय चित्र पाठवतो, परंतु टीव्ही झोपलेला असताना ओळखपत्र वाचायला मिळत नाही. ओळखपत्राचा पहिला १२८ बाइटचा भाग चित्राच्या आकारांविषयी असतो. टीव्हीला आवाज चालतो ही माहिती त्यानंतरच्या १२८ बाइटच्या जोडभागात असते. ओळखपत्रच नसले की ड्रायव्हर समोरच्याला जुन्या डीव्हीआय पद्धतीचा मूक पडदा समजतो आणि आवाज पाठवतच नाही.

उपाय म्हणजे टीव्ही जागा असताना त्याच्या ओळखपत्राची प्रत काढून ती पायजवळच ठेवायची. टीव्ही चालू ठेवा. 'स्टेटस' ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच फोल्डरमध्ये 'ईडीआयडी' नावाची फाइल आहे, तिची प्रत '/लिब/फर्मवेअर' या फोल्डरमध्ये 'वाचन डॉट बिन' अशा एखाद्या नावाने ठेवा. त्यासाठी आज्ञेच्या आधी 'सुडो' (प्रशासकाचा अधिकार) लागेल. प्रत काढल्यावर तिचा आकार पाहा. टीव्हीच्या बाबतीत तो बहुधा २५६ बाइट असतो. शून्य आला तर प्रत कोरी आहे, म्हणजे त्या क्षणी टीव्ही जागा नव्हता. १२८ आला तर त्यात आवाजाचा भाग नाही. नंतर 'सीएमडीलाइन' फाइलच्या त्याच एका ओळीत, एक जागा सोडून : 'डीआरएम डॉट ईडीआयडी_फर्मवेअर=एचडीएमआय-ए-१:वाचन डॉट बिन'. यातले 'डॉट' म्हणजे पूर्णविरामाचे टिंब आणि फाइलचे नाव रोमन अक्षरांत ठेवा. आधीची 'व्हिडिओ=' राहू द्या, काढू नका.

उद्या टीव्ही बदलला तर ही प्रतही बदलावी लागेल, हे कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. नाहीतर तुमच्यानंतर किल्ली ज्याच्याकडे जाईल तो तुमच्या नावाने खडे फोडेल.

वाचनकक्षवाला | बुधवार, रात्री ८:१५

आकार २५६. आवाज आला. कागद चिकटवला. रात्रपाळीत वेळ काढून इतके लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

आता दुसरा आजार तेवढा उरला. दुपारी चित्र काळे होते, कोपऱ्यात एचडीएमआयचे नाव येते आणि दोन-तीन सेकंदांत चित्र परत येते.

अजनीचा प्रवासी | बुधवार, रात्री ९:०४

वीजपुरवठा तपासला का? पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपियर देणारा अॅडॅप्टर लागतो. अनेक जण मोबाइलचा चार्जर लावतात. लांब आणि बारीक केबलमध्येच व्होल्टेज पडते आणि ते साधारण ४.६३ च्या खाली गेले की पाय त्याची नोंद ठेवतो. 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' या आज्ञेचे उत्तर शून्य नसेल तर चार्जर बदला.

वाचनकक्षवाला | गुरुवार, सकाळी १०:४०

उत्तर आले '०x५००००'. चार्जर मोबाइलचाच होता, हे कबूल करतो. बर्डीच्या बाजारात जाऊन मोदी नंबरच्या गल्लीतून योग्य अॅडॅप्टर आणला आणि आता उत्तर '०x०' येते. तरीही आज दुपारी बारा ते एकच्या दरम्यान चित्र चार वेळा गेले.

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी २:१०

'०x५००००' म्हणजे यंत्र चालू झाल्यापासून केव्हातरी व्होल्टेज पडले होते आणि त्यामुळे वेग कमी केला गेला होता. अॅडॅप्टर बदलणे योग्यच होते, त्याने कार्ड खराब होण्याचा धोकाही कमी झाला. पण हा तिसराच, न सांगितलेला आजार होता. चित्र जाण्याशी त्याचा संबंध असता तर यंत्र पुन्हा सुरू झाले असते किंवा अडखळले असते. तुमचा व्हिडिओ तर काळोख सरल्यावर तीन सेकंद पुढे गेलेला असतो ना? म्हणजे पायचे काम अखंड चालू आहे.

आणखी एक गोष्ट. आता 'डी' लावल्यामुळे पाय हॉटप्लगच्या खुणेकडे पाहतच नाही. तरीही काळोख होतो, त्याअर्थी टीव्हीच्या घेणाऱ्या भागाचा ताल क्षणभर सुटतो आहे आणि तो पुन्हा जुळवायला त्याला दोन-तीन सेकंद लागत आहेत. १०८० रेषांच्या, सेकंदाला ६० चित्रांना एचडीएमआयच्या प्रत्येक जोडतारेतून सेकंदाला १४८.५ कोटी बिट जातात. ७२० ला त्याच्या निम्मे. म्हणून केबल कमकुवत असेल तर ७२० वर त्रास पुष्कळ कमी व्हायला हवा. 'व्हिडिओ=' च्या ओळीत १२८०x७२० करून एक दुपार पाहा.

वाचनकक्षवाला | शुक्रवार, दुपारी ३:५५

व्हिडिओ पुढे गेलेला असतो, हे बरोबर. ७२० वर ठेवले, तरी तितक्याच वेळा गेले.

आज ते वाचक वही घेऊनच बसले होते. त्यांच्या नोंदी : १२:०४, १२:१९, १२:३४, १२:४९, १:०४. मी वेळा वाचल्या आणि आम्ही दोघेही एकदमच खिडकीकडे पाहू लागलो. कूलरच्या पंपाला आम्ही टायमर लावला आहे. पाणी वाचावे म्हणून तो दर पंधरा मिनिटांनी पंप चालू करतो.

जुना मेकॅनिक | शुक्रवार, सायंकाळी ५:३०

वही ठेवणाऱ्या वाचकांना माझा नमस्कार सांगा. केबल कूलरच्या मागून गेली आहे हे तुम्ही सोमवारी लिहिले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण पुरावा नसताना बोलणे बरे नाही म्हणून थांबलो.

पंपाची मोटर म्हणजे तारेचे वेटोळे. अशा वेटोळ्याचा प्रवाह जोडताना किंवा तोडताना टायमरच्या रिलेच्या टोकांत बारीक ठिणगी पडते आणि तिच्यातून फार कमी वेळाचा, पण फार तीव्र विद्युत धक्का तारांमधून आणि हवेतूनही पसरतो. तुमची एचडीएमआय केबल त्या तारेला पाच मीटर समांतर गेली आहे, म्हणजे तुम्ही अजाणता एक अँटेनाच बांधला आहे. स्वस्त केबलमध्ये बाहेरचे जाळीदार आवरण विरळ असते किंवा प्लगच्या धातूला नीट जोडलेले नसते, त्यामुळे धक्का थेट आत शिरतो. ७२० ने फरक पडला नाही यात नवल नाही; धक्का आला की सावकाश बोलणाऱ्याचाही शब्द तुटतो. तुमच्या आधीच्या पायच्या काळात हे दिसले नाही, याचे उत्तर बहुधा असे निघेल की टायमर या वर्षी लावला आहे.

आता तपासण्या, या क्रमाने. पहिली, पाय पॉवर बँकेवर चालवा आणि पंप सुरू होऊ द्या. तरीही चित्र गेले तर धक्का अॅडॅप्टरमधून येत नाही, हे सिद्ध होते. दुसरी, केबल तिथेच ठेवून कूलर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावा. तिसरी, कूलर जागेवर ठेवून केबल खोलीच्या मधून, जमिनीवरून, कूलरपासून दूर नेऊन पाहा. तात्पुरतीच, कोणी अडखळून पडणार नाही हे पाहून. तिन्ही एकदम करू नका, नाहीतर चित्र सुधारेल पण कशाने सुधारले ते कळणार नाही.

यानंतर लिहितो ते चित्रापेक्षा महत्त्वाचे आहे. कूलर लोखंडी आहे का? त्याला अर्थिंग आहे का? केवळ तीन पिनांचा प्लग असून भागत नाही. भिंतीतल्या तिसऱ्या छिद्रापर्यंत जमिनीची तार खरोखर पोहोचलेली असावी लागते. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात अर्थिंग उत्तम लागते आणि मे महिन्यात तीच माती भेगाळून खड्ड्यातील पट्टीपासून सुटते, म्हणजे नेमके कूलरच्या दिवसांत अर्थिंग कमजोर होते. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणे हे जुने लोक उगाच करत नव्हते. ओल्या हाताने खसच्या ताट्या काढणारी ज्येष्ठ माणसे तुमच्याकडे आहेत. जाणत्या वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे बटण) नसेल तर तो बसवून घ्या. तोवर कूलरला हात लावण्यापूर्वी प्लग काढायचा, एवढी शिस्त ठेवा.

दुसरे असे की एचडीएमआयचा प्लग चालू अवस्थेत काढ-घाल करू नका. दोन पिनांचा प्लग असलेल्या टीव्हीच्या धातूच्या भागावर आतल्या फिल्टरमधून थोडी गळतीची वीज असतेच, टेस्टर मंद पेटतो तो त्यामुळे. त्यात केबलवाल्याची कोअॅक्शियल तार जोडलेली असेल तर दूरच्या खांबावरचे व्होल्टेजही तिच्या जाळीतून घरात येऊ शकते. प्लग घालताना बारीक ठिणगी दिसते ती हीच आणि तिचा पहिला मार एचडीएमआयच्या ओळखपत्राच्या नाजूक तारांना बसतो. दोन्ही यंत्रांचे प्लग भिंतीतून काढा, कोअॅक्शियल तार सोडवा, मग एचडीएमआय जोडा आणि कोअॅक्शियल सर्वांत शेवटी. ती वापरात नसेल तर कायमची काढून ठेवा. गडगडाट सुरू झाला की बटण बंद करून भागत नाही, प्लग बाहेर काढावा लागतो.

दुपारचा चहा | शनिवार, सकाळी ११:२०

याच विषयाला जोडून विचारतो. माझ्याकडे एचडीएमआय नसलेला जुना पेटीसारखा टीव्ही आहे आणि पाय ३ आहे. ३.५ मिलिमीटरच्या छिद्रातून पिवळ्या, लाल, पांढऱ्या प्लगची केबल लावली, तर पडद्यावर नुसत्या हलणाऱ्या रेषा येतात आणि स्पीकरमधून गुरगुर येते. प्रणाली जुनीच, बस्टर (बुल्सआयच्या आधीची) आहे.

जुना मेकॅनिक | शनिवार, दुपारी १२:०५

केबल चुकीच्या जोडणीची आहे. पायच्या छिद्रात टोकाकडून पाहता क्रम असा असतो : डावा आवाज, उजवा आवाज, जमीन आणि सर्वांत मागे चित्र. सेट-टॉप बॉक्स किंवा कॅमेऱ्याबरोबर आलेल्या केबलमध्ये हा क्रम वेगळा असू शकतो. गुरगुर येते म्हणजे चित्र आवाजाच्या तारेत गेले आहे. टीव्हीच्या पिवळ्या छिद्रात आळीपाळीने लाल आणि पांढरा प्लग लावून पाहा, एखाद्याने चित्र येईल. जमिनीची तारच वेगळ्या जागी असेल तर मात्र तीनही प्लगने चित्र येणार नाही आणि केबल बदलावी लागेल. चित्र आले पण ते काळे-पांढरे किंवा सरकते असेल, तर 'एसडीटीव्ही_मोड=२' लिहा; २ म्हणजे आपल्याकडची पॅल पद्धत, ० म्हणजे एनटीएससी. पाय ४ वर ही वाट मुळात बंद असते, ती वेगळी उघडावी लागते.

वाचनकक्षवाला | रविवार, सायंकाळी ६:२०

तिन्ही तपासण्या एकेक करून केल्या. त्यासाठी दोन दुपारी गेल्या.

पॉवर बँकेवरही चित्र गेले. कूलर समोरच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावला, तेव्हा दोन तासांत आठऐवजी तीनदा गेले. कूलर पुन्हा मूळ जागी लावून केबल खोलीच्या मधून नेली, तेव्हा एकदाही गेले नाही. एका सभासदांना हे योगायोग वाटले, म्हणून त्यांच्यासमोर केबल पुन्हा कूलरमागे टाकली आणि बरोबर पुढच्या पंधराव्या मिनिटाला पडदा काळा झाला. त्यांनी टाळी वाजवली.

पाच मीटरची केबल काढून टाकली. पाय आता टीव्हीच्या मागेच, भिंतीवर छोट्या फळीवर बसवला आहे, केबल दीड मीटरची आहे आणि इंटरनेट वायफायवरून घेतले आहे. कपाटातून बाहेर आल्यामुळे त्याचे तापमानही दुपारी ७८ अंशांवरून ६३ वर आले. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकला असताना बंद कपाटात तो ८० च्या, म्हणजे पाय वेग कमी करू लागतो त्या उंबरठ्यावरच उभा होता. कोअॅक्शियल तार तीन वर्षे कोणीच वापरलेली नव्हती, ती सोडवून गुंडाळून ठेवली.

आपला अंदाज बरोबर होता : टायमर याच एप्रिलमध्ये लावला. तो लावण्याची सूचना माझीच होती, हे वहीवाल्या वाचकांनी सर्वांसमोर वाचून दाखवले.

जुना मेकॅनिक | रविवार, रात्री ९:१५

उत्तम. पंपाच्या ठिणगीचा मूळ बंदोबस्त करायचा असेल तर वायरमनला पंपाच्या दोन टोकांवर स्नबर (ठिणगी शमवणारी जोडणी) बसवायला सांगा : ०.१ मायक्रोफॅरडचा, एक्स२ प्रकारचा, २७५ व्होल्ट एसीचा कपॅसिटर आणि त्याच्याशी एकसर जोडणीत १०० ओहमचा रोध. साधा कपॅसिटर तेथे चालत नाही. त्याने टायमरच्या रिलेचे आयुष्यही वाढते. अर्थिंगचे काय झाले?

वाचनकक्षवाला | सोमवार, सकाळी ९:५०

वायरमन आज येऊन गेले. तिसऱ्या छिद्रातली तार बोर्डापर्यंत आलेली होती, बोर्डाच्या पुढे ती कशालाच जोडलेली नव्हती. ती जोडून घेतली. खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतले, आरसीसीबी गुरुवारी बसणार आहे आणि स्नबरही त्याच दिवशी. तोपर्यंत पंपाचा टायमर काढून ठेवला असून पंप हाताने चालू-बंद करतो आहोत. त्याची नोंदही वहीत होते.

काल रात्री लाइन दोनदा गेली. आज सकाळी सहाला मी किल्ली घेऊन पोहोचलो, रिमोट दाबला आणि योगासने आवाजासह सुरू झाली.